अन्नातले जंतू आतड्यात शिरतात कसे?



एकाच पंगतीत वीस जण जेवतात. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या सहा जणांना उलट्या-जुलाब सुरू होतात, बाकीचे ठणठणीत असतात. ‘बाहेरचं खाल्लं, बाधलं’ असे म्हणून घरची मोठी माणसे विषय संपवतात. पण घास गिळल्यापासून पोटात कळ येईपर्यंत आत नेमके काय घडते? ते समजून घेण्यासाठी आज आपण एकच जंतू निवडू या. त्याचे नाव साल्मोनेला. (सामन नावाच्या माशाशी याचा काही संबंध नाही. डॅनियल साल्मन नावाच्या अमेरिकन पशुवैद्याच्या नावावरून हे नाव पडले.) कच्ची किंवा अर्धवट शिजलेली अंडी व कोंबडी, न तापवलेले दूध, अस्वच्छ हातांनी कापलेली कोशिंबीर यांतून तो पोटात जातो.

पहिला पहारेकरी म्हणजे जठर. जठरातील आम्ल इतके तीव्र असते की बहुतेक जंतू तिथेच मरतात. म्हणून थोडे जंतू पोटात गेले तरी निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. त्रास होतो तो जंतूंची संख्या मोठी असली की, आणि ती संख्या वाढते आपल्याच ओट्यावर. हे गणित वहीत करून पाहा. भाजीत संध्याकाळी फक्त १०० जंतू आहेत आणि उबदार स्वयंपाकघरात दर अर्ध्या तासाला ते दुप्पट होतात असे धरू. आठ तासांत सोळा वेळा दुप्पट होऊन सकाळी ६५ लाखांहून अधिक जंतू होतात! वासावरून किंवा चवीवरून हे कळेलच असे नाही. लहान बाळे, वृद्ध आणि आम्लपित्ताच्या गोळ्या नेहमी घेणारे यांच्या जठरातला पहारा सौम्य असतो. एकाच पंगतीतले सगळे सारखे आजारी का पडत नाहीत, याचे एक कारण इथे सापडते.

जठरातून सुटलेले जंतू लहान आतड्यात येतात. लहान आतड्याची लांबी सुमारे सहा मीटर. त्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे असंख्य रसांकुर असतात आणि त्यांवर पेशींचे अस्तर असते. नवल म्हणजे हे अस्तर केवळ एका पेशीइतके जाड असते. एका बाजूला अन्न आणि जंतू, दुसऱ्या बाजूला आपले रक्त, आणि मध्ये एवढाच पडदा! अन्नरस आत घ्यायचा म्हणजे पडदा पातळच हवा. म्हणून त्याच्या रक्षणाची वेगळी सोय आहे. वरून बुळबुळीत द्रवाचा थर असतो, पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या जोडलेल्या असतात आणि आतड्यात आधीपासून राहणारे कोट्यवधी उपकारक जिवाणू परक्याला जागाच देत नाहीत. हिंदुस्थानातल्या कोणत्याही रेल्वेच्या सर्वसाधारण डब्यात शिरणाऱ्या नव्या प्रवाशाची जी गत होते, तीच साल्मोनेलाची होते.

मग तो आत शिरतो कसा? तो पेशीला भोक पाडत नाही की कुरतडत नाही. तो पेशीकडूनच दार उघडून घेतो. साल्मोनेलाच्या अंगावर अतिसूक्ष्म सुया असतात, आतून पोकळ, अगदी डॉक्टरांच्या इंजेक्शनसारख्या. एका सुईची लांबी मिलीमीटरच्या सुमारे बारा हजाराव्या भागाएवढी. १९९८ साली जपान व अमेरिकेतील संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या सुयांची रचना दाखवली. अस्तराच्या पेशीला चिकटताच जंतू या सुईतून आपली काही प्रथिने पेशीत टोचतो. पेशीचा आकार टिकवणारे ॲक्टिन नावाचे धागे असतात. टोचलेली प्रथिने या धाग्यांची उलथापालथ करतात. काही मिनिटांतच पेशीचा पृष्ठभाग उकळत्या दुधासारखा वर येतो, त्याच्या घड्या जंतूभोवती पडतात आणि जंतू आत ओढला जातो. मला सर्वांत चकित करणारी गोष्ट यापुढची आहे. टोचलेल्या प्रथिनांपैकी एक हा पसारा आवरण्याचे काम करते आणि पेशी पुन्हा पूर्ववत दिसू लागते. जणू काही घडलेच नाही!

आत गेल्यावर जंतू एका पिशवीत बंद असतो. एरवी अशा पिशवीत आलेले जंतू पेशी पचवून टाकते. साल्मोनेला मात्र दुसऱ्या प्रकारच्या सुया वापरून त्या पिशवीचेच घर करतो आणि तिथे वाढतो.

एव्हाना शरीराला धोक्याची सूचना मिळालेली असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, अस्तर सुजते, पाणी व क्षार आतड्यात झिरपतात, ताप येतो, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. जेवणानंतर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत केव्हाही हे सुरू होऊ शकते. त्यामुळे दोष बऱ्याचदा शेवटच्या जेवणाला दिला जातो आणि खरा अपराधी परवाचा असतो. या लढाईचाही साल्मोनेला फायदा उठवतो. सूज आली की आतड्यातल्या गंधकाच्या एका संयुगाचे रूप बदलते, आणि ते नवे संयुग साल्मोनेलाला श्वसनासाठी वापरता येते, तिथल्या बहुतेक उपकारक जिवाणूंना येत नाही. हे २०१० साली उघड झाले.

आता घराघरांत घडणारी एक गोष्ट. जुलाब झाले की औषधाच्या दुकानातून कुणालाही न विचारता प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणल्या जातात. साध्या साल्मोनेलाच्या जुलाबात निरोगी माणसाला त्यांची सहसा गरज नसते. उलट परक्याला जागा न देणारे आपले उपकारक जिवाणूच त्यांनी मरतात. खरी गरज असते पाण्याची. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहावे. शौचातून रक्त पडणे, खूप ताप, लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल पडणे यांपैकी काहीही दिसले तर मात्र लगेच डॉक्टर. तान्ह्या बाळासाठी तर वाटच पाहू नये.

सगळे जंतू साल्मोनेलासारखे वागत नाहीत. रक्ती आव घडवणाऱ्या शिगेलाचे शंभराहून कमी जंतूही पुरतात. तो पिशवी फोडून बाहेर पडतो आणि एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत घुसतो. पटकीचा जंतू पेशीत शिरतच नाही. तो वर चिकटून फक्त विष सोडतो आणि पेशींतून पाणी भळाभळा वाहू लागते. हे विष कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशांच्या आतड्यावर प्रयोग करून सिद्ध केले. पटकीतही साखरेबरोबर मीठ शोषून घेणारी वाट शाबूत राहते, म्हणून तर साखर-मिठाचे पाणी गुण देते.

साल्मोनेलाचा एक भाऊबंद मात्र फार कावेबाज आहे. तो म्हणजे विषमज्वराचा, आजीच्या भाषेत मुदतीच्या तापाचा, जंतू. तो आतड्यात फारसा गोंधळ न घालता अस्तर ओलांडतो, पांढऱ्या पेशींतच दडून यकृत व प्लीहेपर्यंत पोचतो आणि एक-दोन आठवड्यांनी ताप चढू लागतो. इथे प्रतिजैविक लागतेच, तेही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण. काही जणांच्या पित्ताशयात तो वर्षानुवर्षे राहतो आणि त्यांना स्वतःला काहीच होत नाही. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच होती. १९०७ मध्ये तिला प्रथम बेटावर वेगळे ठेवले आणि दुसऱ्यांदा १९१५ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती तिथेच राहिली. तिच्या वाट्याला आलेला न्याय योग्य होता का, यावर वर्गात जरूर वाद घाला. या रोगावर हैदराबादेत तयार झालेली लस आहे आणि २०१८ साली नवी मुंबईत महापालिकेने ती मुलांना देण्याची मोहीम सुरू केली.

जुलाब थांबल्यावर आतड्यात दुरुस्ती चालू होते. अस्तराच्या पेशी तशाही तीन ते पाच दिवसांत बदलत असतात. रसांकुरांच्या तळाशी नव्या पेशी तयार होऊन वर सरकत जातात. दुधातली साखर पचवणारे विकर मात्र रसांकुरांच्या वरच्या भागातील प्रौढ पेशींत असते आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे अशा आजारानंतर काही दिवस मोठ्या मुलांना दूध प्यायले की पोट पुन्हा बिघडल्यासारखे वाटू शकते. दह्या-ताकात ही साखर कमी असते, म्हणून ताजे दही आणि मऊ भात त्या दिवसांत चालून जातो. अंगावर पिणाऱ्या बाळाचे आईचे दूध मात्र कधीही थांबवायचे नसते.