दुकान उठले, हमीचे काय?

प्रश्न : वर्ध्यातील एका दुकानातून घेतलेला फ्रीज तिसऱ्याच वर्षी बंद पडला. कॉम्प्रेसरवर पाच वर्षांची वॉरंटी आहे. परंतु दुकान बंद झाले असून कंपनीचेही दिवाळे निघाल्याचे ऐकतो. कार्डाला आता काही किंमत उरली आहे काय?
— एक वाचक, आंजी (मोठी), जि. वर्धा

उत्तर : कार्डावर हमी कोणी दिली आहे, हे प्रथम पाहावे, कारण हमी ती देणाऱ्यास बांधते, आणि बहुधा ती कारखानदाराची असल्यामुळे केवळ दुकान उठल्याने त्याची जबाबदारी यत्किंचितही कमी होत नाही. मात्र दुकानदाराने पावतीवर स्वतःची निराळी हमी लिहून दिली असेल, तर दुकानास कुलूप लावून त्यासही मोकळे होता येत नाही : एकट्याच्या मालकीचे दुकान आणि त्याचा मालक कायद्याच्या दृष्टीने एकच होत, आणि भागीदारी असल्यास १९३२ च्या कायद्याप्रमाणे पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार एकेकटा व सर्वांसह जबाबदार असतो.

खरी अडचण कंपनी बुडाल्यास येते. उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगरजवळ (तेव्हाचे औरंगाबाद) चितेगावी जिचा मोठा कारखाना होता, त्या व्हिडिओकॉनवर जून २०१८ मध्ये नादारीची कारवाई सुरू झाली. अशी कारवाई न्यायाधिकरणाने दाखल करून घेताच कंपनीविरुद्धचे दावे २०१६ च्या नादारी संहितेच्या कलम १४ अन्वये स्थगित होतात. तेव्हा ग्राहकास वृत्तपत्रांतील जाहीर सूचनेनुसार, दिलेल्या मुदतीत, नियुक्त नादारी व्यावसायिकाकडे आपली मागणी पुराव्यांसह रुजू करावी लागते. अवसायनात प्रथम खर्च, मग कामगार व तारणधारक धनको, आणि बऱ्याच मागून आपल्यासारख्यांची बाकी, असा क्रम आहे. व्हिडिओकॉनच्या सुमारे ६४,८३८ कोटींच्या मान्य दाव्यांपुढे कंपनी ताब्यात घेण्याची मंजूर झालेली योजना सुमारे २,९६२ कोटींचीच होती (ती अपिलात जानेवारी २०२२ मध्ये रद्द झाली), यावरून बिनतारणी ग्राहकाच्या पदरात काय पडणार याचा अंदाज यावा. शिवाय मंजूर योजनेत ज्यांचा समावेश नाही, ते दावे संपुष्टात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणी ठरविले आहे; त्यामुळे कंपनीचे नाव दुसऱ्याने विकत घेतले म्हणजे जुन्या हम्याही त्याने घेतल्या, असे गृहीत धरू नये. ग्राहकास या क्रमात इतके मागे उभे करणे मला अन्यायकारक वाटते. तो कर्ज देणारा सावकार नव्हे, पूर्ण किंमत रोख मोजलेला माणूस आहे.

परंतु आपली कंपनी खरोखरच नादारीत आहे की केवळ वदंता आहे, हे आधी पडताळावे. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. कंपनीस स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पोच जपावी. कंपनी चालू असल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेच दाद मागता येत असल्याने, वर्ध्याच्या जिल्हा आयोगात कंपनी व दुकानमालक या दोघांना प्रतिपक्ष करून तक्रार करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ती आपण फ्रीज बंद पडल्या दिवसापासूनच धरावी. मूळ पावती, कार्ड व नोटिशीची पोच यांच्या छायाप्रती तक्रारीस जोडाव्यात आणि अस्सल कागद स्वतःपाशी ठेवावेत.