चिंतामणरावांचे रोहे, बाप्पांचे पेण

अधिवेशनाला रेल्वेने येणारे दिवा, पनवेल, पेण, नागोठणे करत रोह्याला उतरतील. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि कोकण रेल्वे इथूनच सुरू होते.

वाटेत पेणला मात्र अवश्य उतरा आणि गणपतीच्या एखाद्या कारखान्यात जा. गावात आणि हमरापूर, जोहे भागात घरोघरी वर्षभर मूर्ती घडतात. साच्यातून काढलेली मूर्ती सुकते, घासून गुळगुळीत होते, रंग चढतो, तरी डोळ्यांची आखणी होईपर्यंत तिला बाप्पा म्हणवत नाही. आखणीला मुरलेला हात लागतो. बारीक ब्रशने पापणीची रेघ एका दमात ओढायची आणि मग बुबुळ टेकवायचे. पेणच्या मूर्तीचे नाव झाले ते या नजरेमुळे. निघताना पापड-मिरगुंड घ्यायला सांगायची गरज नाही, ते आपण घ्यालच.

याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. घर रोह्याचे, वडील वकील. १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिज, तिथे वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक आणि मग आयसीएस. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात ते होते, १९४४ साली ब्रेटन वुड्सलाही गेले. १९४३ पासून १९४९ पर्यंत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि त्यानंतर देशाचे अर्थमंत्री. एवढ्या धबडग्यात त्यांनी कालिदासाचे मेघदूत मराठीत आणले. १९५२ साली ते आपल्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले आणि १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. महाराष्ट्र हे विसरणार नाही.

शाळेच्या पुस्तकात इतके येते. घरातले चिंतामणराव मात्र आपल्याला फारसे ठाऊक नाहीत. पहिल्या पत्नी रोझिना इंग्रज होत्या. त्या १९४९ साली गेल्या. पुढे २२ जानेवारी १९५३ रोजी दिल्लीत दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या. आंध्र महिला सभा त्यांनी उभी केली, घटना समितीत त्या बसल्या, केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये स्वयंसेविका असलेल्या या चौदा वर्षांच्या मुलीने तिकीट नाही म्हणून खुद्द जवाहरलाल नेहरूंना खादी प्रदर्शनाच्या दारात अडवले होते. त्याच नेहरूंनी तीस वर्षांनी तिच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही केली!

त्यापुढचा संसार कामाचाच होता. चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगात, इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत, मग दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरुपदी. दुर्गाबाई स्त्रियांच्या शिक्षणात आणि समाजकार्यात. १९७५ साली दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. पुढे दोघे हैदराबादला राहिले. आपल्या सहजीवनाची हकीगत दुर्गाबाईंनी ‘चिंतामन अँड आय’ या इंग्रजी पुस्तकात लिहून ठेवली. पदांची यादी कुठेही मिळते. नवरा म्हणून, सोबती म्हणून हा माणूस कसा होता, ते सांगणारी ही घरातलीच साक्ष. रोह्याच्या प्रत्येक वाचनालयात हे पुस्तक हवे, आणि मराठीत हवे, असे माझे ठाम मत आहे. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या. चिंतामणराव पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबरला.

रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांचे दर्शन घ्या. पालखीच्या वेळी इथे पोलीस देवाला सशस्त्र मानवंदना देतात. हाताशी वेळ असेल तर कुंडलिकेच्या काठाने कोलाडकडे जा, अवचितगड चढा. थंडीत आलात तर भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजलेली वालाच्या शेंगांची पोपटी खाल्ल्याशिवाय कोणी आपल्याला सोडणार नाही.

आणि रोहेकरांना या स्मरणिकेच्या निमित्ताने एक विनंती : गावात चिंतामणरावांच्या नावाने पुढे जे काही उभे राहील, त्यावर दुर्गाबाईंचेही नाव घाला. त्या रोह्याच्या सूनबाई आहेत.