नाव कुठे कोरलं आहे?

आजचे वाचन: यशया ४९:१४-१६, लूक १०:१७-२०



गेल्या महिन्यात आमच्या मंडळीची दोन दिवसांची सहल झाली. पहिल्या दिवशी जालना, रात्री छत्रपती संभाजीनगरात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी अजिंठा. तिथे पाहिलेल्या एका गोष्टीवर आज मनन करायचं आहे.

जालन्याजवळच्या बेथेलला आम्ही आधी थांबलो. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती. शेषाद्री ब्राह्मण घराण्यातले. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालना हे आपलं सेवाक्षेत्र केलं. पाळकसाहेबांनी तिथे उत्पत्तीचा २८ वा अध्याय काढला. याकोब उशाला घेतलेला धोंडा उभा करतो, त्यावर तेल ओततो आणि त्या जागेला 'बेथेल', म्हणजे देवाचं घर, असं नाव देतो. पाळकसाहेब म्हणाले, "बघा, धोंडा याकोबाने उभा केला, पण जागेला नाव आपलं दिलं नाही."

मी ऐकलं, पण ते मनात शिरलं नाही. कारण माझ्या पर्समध्ये एक पत्र होतं.

माझे पप्पा चर्चचे सेवक होते. एकतीस वर्षं त्यांनी घंटा वाजवली, झाडलोट केली, पावसाळ्यात छपराखाली बादल्या लावल्या. ते प्रभूकडे गेले त्याला सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी चर्चची दुरुस्ती झाली आणि दाराशी संगमरवरी पाटी लागली. देणगीदारांची, कमिटीची, सगळ्यांची नावं तिच्यावर आहेत. पप्पांचं नाव नाही. दर रविवारी आत जाताना मी ती पाटी वाचायची आणि उपासनेला बसेपर्यंत मन कडू व्हायचं. शेवटी कमिटीला तीन पानी पत्र लिहिलं. सहलीत कमिटीची माणसं भेटणारच होती, म्हणून ते सोबत घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी फर्दापूरच्या फाट्यावर आमची गाडी ठेवून तिथल्या बसने लेण्यांपाशी पोहोचलो. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा कडा आणि त्यात कोरलेली लेणी. आमचे गाईड जवळच्याच गावचे होते. त्यांनी सांगितलं, काही लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहनांच्या काळातली. बाकीची बहुतेक वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर आमची बडबडी मंडळीसुद्धा गप्प झाली. आपली श्रद्धा वेगळी असली तरी कुणीतरी जीव ओतून केलेलं काम ओळखू येतंच.

मग दहाव्या लेण्यात गेलो. गाईडदादांनी एका खांबाकडे बोट केलं. रंगवलेल्या आकृतीवर, आपल्या डोक्याच्याही वर, पुसट इंग्रजी अक्षरं खरवडलेली होती: जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. हा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता, तेव्हा त्याला ही लेणी दिसली. आत दगडमातीचा थर साचला होता, त्यावर उभा राहून त्याने नाव कोरलं. म्हणून ते आज इतकं उंच दिसतं.

मी विचारलं, "दादा, ही चित्रं ज्यांनी काढली त्यांची नावं?"

"ती नाहीत ताई. दान देणाऱ्यांचे लेख आहेत. सोळाव्या लेण्यात वराहदेव मंत्र्याचा आहे, त्यावरून काळ कळतो. पण रंग लावणाऱ्यांचं नाव कुठंच नाही."

पुढे त्यांनी मेजर रॉबर्ट गिलबद्दल सांगितलं. १८४४ पासून त्यांनी वर्षानुवर्षं इथे राहून चित्रांच्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. १८७९ मध्ये गिल वारले. भुसावळला त्यांची कबर आहे.

त्या खांबापाशी मी मागे रेंगाळले आणि यशयाचा ४९ वा अध्याय आठवला. सियोन तक्रार करते की, देवाने मला टाकलं, तो मला विसरला. अगदी माझंच गाऱ्हाणं! देव उत्तर देतो की, आई एक वेळ तान्ह्या बाळाला विसरेल, पण मी विसरणार नाही; मी तुला माझ्या तळहातांवर कोरून ठेवलं आहे.

कोरायचं म्हटलं की घाव आलाच. स्मिथने नाव कोरलं, पण घाव दुसऱ्याच्या कामावर घातला. आपल्या प्रभूने घाव स्वतःच्या हातांवर घेतले. पुन्हा उठल्यावरही थोमाला त्याने तेच हात दाखवले. माझ्या पप्पांचं नाव तिथे आहे. संगमरवराला तडा जाईल, चित्रं जळतील, पण त्या हातांवरचं कोण पुसणार?

पाटी लावणं पाप आहे, असं मी म्हणत नाही. दात्यांच्या लेखांमुळेच तर लेण्यांचा काळ कळतो. आणि पाटी बघून वाईट वाटलं, तेही खोटं नव्हतं. पण तिथे उभी असताना एक गोष्ट टोचली. पप्पांनंतर जे काका चर्च झाडतात, त्यांचं नाव काय? सहा वर्षं मी त्यांना रोज "काका" म्हणते. नाव मला माहीत नव्हतं.

सत्तर शिष्य आनंदाने परत आले, भुतंही आम्हाला वश होतात म्हणाले. तेव्हा प्रभूने त्यांना सांगितलं की, आनंद याचा माना की तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत. म्हणजे नावाची काळजी त्याने आधीच घेतली आहे. आपण एकमेकांची विचारपूस करायला मोकळे आहोत.

पत्र मी दिलं नाही. पुढच्या रविवारी अर्धा तास लवकर गेले. काका खुर्च्या पुसत होते. मी नाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं, आणि दुसरं फडकं घेतलं. पाटी अजून दाराशी आहे. कधीकधी अजूनही टोचते. मग मी यशयाचं ते वचन आठवते.

मननासाठी: तुमच्या मंडळीत रोज दिसणारी, पण नाव ठाऊक नसलेली व्यक्ती कोण? या आठवड्यात तिच्याशी बोलाल का?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तुझ्या हातांवरच्या खुणांबद्दल तुझे आभार मानतो. आमचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून मन कडू होतं, तेव्हा ते हात आम्हाला दाखव. ज्यांना आम्ही विसरलो त्यांची आठवण दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.