एकोणिसाव्या भागाबद्दल

चि. ईशास,


‘डीमन स्लेयर’ या जपानी ॲनिमेशन मालिकेच्या एकोणिसाव्या भागावरचा तुझा लेख वाचला. कॉलेजच्या वार्षिकांकात तो असाही छापून येईल, कुणी हरकत घेणार नाही. पण तू माझं मत मागितलंस, म्हणून स्पष्ट लिहिते. ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा’, ‘ॲनिमेशनचा कळस’ हे सगळं लेखात आहे, आणि तरी ज्याने हा भाग पाहिलेला नाही त्याला त्यात नेमकं काय घडतं ते कळत नाही. शेवटी ‘मात्र कथा थोडी संथ वाटते’ असं एक वाक्य चिकटवलं आहेस. समीक्षेत एखादी उणीव दाखवावीच लागते, या समजुतीने ते आलंय. तुला स्वतःलाही ते पटलेलं नाही. काढून टाक.

सगळं श्रेय तू युफोटेबल स्टुडिओच्या चित्रांना दिलंस. ते त्यांचं आहेच, पण कशासाठी ते लिही. कोयोहारु गोतोगेच्या मूळ मांगात (चित्रकथेत) नायक तांजिरो आणि राक्षस रुई यांची ही लढाई काळ्या-पांढऱ्या थोड्या पानांत उरकते. पडद्यावर तांजिरोच्या तलवारीमागून येणारं पाणी जुन्या जपानी लाकूडठशांच्या चित्रांतल्यासारखं, ठळक रेषांचं आहे. आगही तशाच रेषांत काढली आहे. त्यामुळे धावता धावता पाण्याची आग होते तेव्हा सांधा दिसत नाही. चौकटी थांबवून बघ, मग लिही.

पण नुसती देखणी आग इतर मालिकांतही सापडेल. ही आग आपल्याला हलवते, कारण ती घरातली आहे. तांजिरोचं घराणं डोंगरात कोळसा पाडणारं. वडील आजारी, अंगात ताकद नाही. तरी नव्या वर्षाच्या आरंभी मावळतीपासून उजाडेपर्यंत बर्फात अग्निदेवतेसमोर नाचायचे. दमल्याशिवाय कसं नाचायचं ते श्वासावर आहे, असं त्यांनी मुलाला सांगितलेलं असतं. गुरूने शिकवलेली पाण्याची विद्या अपुरी पडते, हातात मोडकी तलवार, समोर मरण, आणि त्या क्षणी पोराला आठवतो तो घरचा कुळाचार, हिनोकामी कागुरा. त्याला वरून कुणी शक्ती दिलेली नाही. लहानपणी जे नुसतं बघितलं होतं ते कामी आलं.

आता रुईकडे बघ. बारा बलाढ्य राक्षसांपैकी खालच्या सहांतला तो पाचवा. नातागुमो डोंगरावर त्याने इतर राक्षसांना धाक घालून आई, बाप, बहीण करून ठेवलंय. तांजिरोची बहीण नेझुको भावासाठी स्वतःचं अंग मध्ये घालते, ते पाहून त्याला तीच बहीण म्हणून हवी होते. म्हणजे हे भांडण दोन कुटुंबांचं आहे: एक तांजिरोचं, मारून टाकलेलं तरी शिल्लक असलेलं; दुसरं रुईचं, दिसायला भरलेलं पण भीतीने बांधलेलं. तुझ्या लेखात रुई फक्त ‘खतरनाक व्हिलन’ आहे. लेखाचा कणा तिथेच निसटला.

गाण्याबद्दल एकच ओळ लिहिलीस, त्याचं मला नवल वाटलं. नेहमीचं शेवटचं गाणं या भागात वाजतच नाही. त्याऐवजी गो शिइनाचं संगीत आणि नामी नाकागावाचा आवाज थेट प्रसंगावर येतात, श्रेयनामावलीही त्यावरच सरकते. मान उडवली जात असताना दिग्दर्शक हारुओ सोतोझाकी रणवाद्यं वाजवत नाहीत; अंगाईच्या चालीचं, गेलेल्या माणसांना हाक मारणारं गाणं ठेवतात. विजयाच्या जागी शोक ठेवायला धैर्य लागतं. मला विचारशील तर या भागातला सर्वांत मोठा निर्णय हाच.

आता उणिवा. पहिली किरकोळ: तांजिरो मनात फार बोलतो. प्रत्येक फेऱ्यागणिक वार जड होत जातो, हे आपण डोळ्यांनी पाहत असतो, तरी तो ते सांगतो. मांगात चित्र स्थिर असतं, तिथे शब्द लागतात. पडद्यावर ते गाळता आले असते. मूळ कृतीशी इमान राखण्याची ही किंमत आहे.

दुसरी मात्र खरी आहे, आणि तिच्यावर तू थांबायला हवंस. वडिलांची आठवण येऊन तांजिरोला बळ मिळतं न मिळतं तोच बेशुद्ध नेझुकोला आई दिसते, भावाला वाचव म्हणून विनवते, आणि तिच्या रक्ताला पेट घेण्याची शक्ती प्राप्त होते. लागोपाठ दोन मृत आईबाप, दोन सुटका. वडिलांच्या बाजूचं बीज आधी पेरलेलं आहे. त्यांच्याकडून आलेली कानातली पाहून राक्षसांचा म्होरक्या मुझान हादरतो, ते आठव्या भागातच येऊन गेलंय. नेझुकोच्या रक्ताची तयारी मात्र जवळजवळ नाही. ते लेखकाला हवं तेव्हा पेटतं. शिवाय ती भागातला बराच वेळ धाग्यांना टांगलेली, तोंडात बांबू, आणि दोन मुलगे ती कुणाची बहीण यावर लढताहेत. तिचा पराक्रम आईच्या सांगण्यावरून, भावासाठी. तू मुलगी असून तुला हे खुपलं नाही? खुपलं असेल आणि रडू आल्यामुळे लिहायचं टाळलं असशील, तर तसं करू नकोस. डोळ्यांत पाणी आलं हेही लिही आणि हेही लिही.

तिसऱ्या मुद्द्यावर आपले मतभेद होतील. विसाव्या भागात कळतं की तलवार पोचायच्या आत रुईने स्वतःच्याच धाग्याने स्वतःची मान कापली होती. म्हणजे तो मेलाच नव्हता. मग राक्षस मारणाऱ्या पथकातला गियू येतो आणि सहज त्याला संपवतो. बरेच जण याला फसवणूक म्हणतात. मला ते योग्य वाटतं. नुकताच पथकात आलेला मुलगा इतक्या वरच्या राक्षसाला मारता, तर पुढची सगळी कथा हलकी झाली असती. पण मग एकोणिसावा भाग हा शेवट नाही, हे मान्य करावं लागतं. 10 ऑगस्ट 2019 ला तो जपानमध्ये लागला तेव्हा प्रेक्षक आठवडाभर त्या विजयात राहिले. तू सगळी मालिका सलग पाहिलीस, तुझ्याकडे तो आठवडा नव्हता. लेखात हा फरक यायला हवा.

आणखी एक. याच मालिकेच्या 2020 च्या ‘मुगेन ट्रेन’ चित्रपटाने जपानमध्ये ‘स्पिरिटेड अवे’चा कमाईचा विक्रम मोडला, हे तू पुरावा म्हणून दिलंयस. कमाई त्या चित्रपटाची. या भागाच्या गुणाशी तिचा संबंध नाही. ते वाक्यही जाऊ दे.

नवा मसुदा लिहायच्या आधी एकविसावा भाग पुन्हा बघ. रुईचे खरे आईबाप तिथे आहेत, आणि ते कळल्याशिवाय तुझा रुईवरचा परिच्छेद उभा राहणार नाही. अंकाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे ना? मग पुढच्या रविवारपर्यंत पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी