तीरकमठा, काडतूस आणि वेगाचा हिशोब

'स्पीड' हा आपल्या सगळ्यांचा लाडका विषय. मग तो बाइकचा असो, प्रोसेसरचा असो, नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवण्याचा असो! पण वेग वाढवला की त्याची किंमत नेमकी कुठे मोजावी लागते, हे वर्गात फळ्याकडे बघून पटकन डोक्यात शिरत नाही. मला ते कळलं आमच्या डहाणू-तलासरीकडच्या तीरकमठ्यावरून. म्हणून हा लेखप्रपंच.

आमचा भाग वारल्यांचा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रं पार दूरवर माहीत झाली. त्या चित्रांतला तारप्याचा नाच सगळ्यांना आठवतो, पण त्याच चित्रांत धनुष्य ताणून उभा असलेला शिकारीही असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. तरी काही घरांत तीरकमठा अजून भिंतीला टांगलेला दिसतो. इंजिनीअरच्या नजरेने पाहिलं तर ते एक फार सुंदर मशीन आहे.

कमठ्याचा हिशोब

बांबूचा कमठा म्हणजे एक स्प्रिंग. समजा तो अर्धा मीटर ताणला आणि शेवटी २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलोचा जोर लागला. जोर सरळ रेषेत वाढतो असं धरलं, तर साठलेली ऊर्जा होते ½ × २०० × ०.५ = ५० ज्यूल.

ही सगळी ऊर्जा बाणाला मिळते का? नाही. दोरी आणि कमठ्याची टोकंही बाणाबरोबर पुढे धावतात, त्यांनाही ऊर्जा लागते. अमेरिकन शास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी यासाठी सोपी युक्ती काढली. धनुष्याच्या हलणाऱ्या भागांऐवजी बाणाला एक 'आभासी वस्तुमान' चिकटलंय असं समजायचं. १९४३ साली त्यांनी धनुष्यबाणाच्या भौतिकशास्त्रावर लेखही लिहिला. आपल्या उदाहरणात हे वस्तुमान १५ ग्रॅम धरू.

बाण ३० ग्रॅमचा असेल, तर एकूण ४५ ग्रॅम. वेग येतो सेकंदाला ४७ मीटर. बाणाकडे ३३ ज्यूल जातात, बाकीचे १७ धनुष्यातच राहतात.

आता वेग वाढवायचा म्हणून बाण निम्म्या वजनाचा, १५ ग्रॅमचा घेतला. वेग ५८ मीटर झाला. वा! २२ टक्के वाढ! पण जरा थांबा. बाणाची ऊर्जा ३३ वरून २५ ज्यूलवर आली. संवेग १.४१ वरून ०.८७ झाला, म्हणजे जवळजवळ ४० टक्के घट. हलका बाण हवेत लवकर मंदावतो ते वेगळंच. आणि धनुष्यात मागे उरलेली ऊर्जा १७ वरून २५ ज्यूल झाली. ती जाणार कुठे? बांबूच्या धाग्यांत आणि दोरीत.

बाण अजून हलका करत करत शून्य ग्रॅमचा केला तर? सूत्र सांगतं, वेग ८२ मीटरच्या वर जाणारच नाही. आणि पूर्ण ५० ज्यूल कमठ्यालाच सोसावे लागतील. आमचा आजा म्हणायचा, "रिकामी दोरी सोडू नको रे, कमठा मोडेल." त्याने क्लॉपस्टेगचं नावही ऐकलं नव्हतं, पण या समीकरणाचं शेवटचं टोक त्याला बरोबर ठाऊक होतं.

तीच गोष्ट बंदुकीत

वेगाची हीच हाव अमेरिकेतल्या लिव्हर-ॲक्शन रायफलमध्ये दिसते. ट्रिगरभोवतीचा लिव्हर खाली-वर केला की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. जॉन ब्राउनिंग यांचं विंचेस्टर मॉडेल १८९४ हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. १८९५ मध्ये त्यासाठी 'थर्टी-थर्टी' काडतूस आलं. त्याच्या गोळीचा वेग सेकंदाला ७०० मीटरच्या आसपास.

यात अडचण अशी, की काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमकं स्फोटक टोपीला टेकतं. टोकदार गोळी धक्क्याने ती टोपी उडवू शकते. म्हणून गोळ्या चपट्या तोंडाच्या ठेवल्या गेल्या, आणि चपटी गोळी हवेत वेग लवकर गमावते. मऊ, दबणाऱ्या टोकाच्या गोळ्या या शतकाच्या पहिल्या दशकात आल्या, तेव्हा ही अडचण बरीच सुटली.

त्याआधीपासून तिथले हौशी लोक काडतुसाचा आकारच बदलत. अशा खासगी काडतुसांना ते 'वाइल्डकॅट' म्हणतात. पी. ओ. ॲकली यांनी थर्टी-थर्टीचा खांदा ४० अंशांचा केला, म्हणजे आत दारूला जागा वाढली. फायदा किती? दाब तोच ठेवला, तर ढोबळ नियम असा, की जागा १० टक्के वाढली की वेग जेमतेम अडीच टक्के वाढतो. मग जास्तीचा वेग हवा असेल तर दाब वाढवण्याचा मोह होतो. तिथेच धोका आहे, कारण दाब वेगापेक्षा फार झपाट्याने चढतो. थर्टी-थर्टीची मान्य मर्यादा आहे ४२,००० पीएसआय. आपल्या कारच्या टायरच्या हजारपटीहून जास्त! तो दाब पितळी केस आणि बोल्टने पेलायचा, आणि नेमबाजाचा चेहरा असतो त्याच्या वीतभर मागे.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि हिशोब पाहता ते योग्यच आहे. महाराष्ट्रात हे काम खडकी (स्थापना १८६९) आणि वरणगावच्या कारखान्यांत चालतं. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. काडतूस तपासताना वेगाबरोबर दाबही मोजावाच लागतो.

थोडक्यात काय?

वेग वाढल्याचं कुणी सांगितलं की तीन प्रश्न विचारावेत. ऊर्जा आली कुठून? मागे किती उरली? आणि ती सोसतंय कोण? इंजिन ट्यून करणारा असो, पंप निवडणारा असो किंवा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणारा, हे प्रश्न कुणालाच चुकत नाहीत.

शेवटी एक सूचना. आमच्याकडे कमठा करणारे हात आता कमी होत चाललेत. कुठला बांबू, किती सुकवायचा, किती तासायचा, हे त्यांच्या बोटांत आहे, कागदावर नाही. एक ताणकाटा, एक मोजपट्टी, सोनाराचा छोटा काटा आणि स्लो-मोशन असलेला मोबाइल, एवढ्यात ताण-जोराचा आलेख आणि बाणाचा वेग दोन्ही मिळतील. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनी एकदा डहाणूची लोकल पकडावी. मात्र तिथे आपण शिकायला चाललोय, शिकवायला नाही, एवढं लक्षात ठेवा.