कोरड्या नाल्याकाठी पळस फुलतो कसा?

प्रश्न : फाल्गुनात किनवटहून माहूरला जाताना नाल्यांत थेंब दिसत नाही, साग उघडाबोडका उभा असतो आणि पळस मात्र नखशिखांत फुललेला! पाठोपाठ मोह फुलतो. या झाडांना तेव्हा पाणी कुठून मिळतं? आणि ऐन टंचाईत फुलायचं तरी कशासाठी?
– एक वाचक, किनवट

उत्तर : पाणी गेल्या पावसाळ्याचंच. तुमच्या तालुक्यात उरलेल्या मराठवाड्यापेक्षा पाऊस जास्त, वर्षाला साधारण १००० मिलिमीटर. पण तो बहुतेक जून ते सप्टेंबरातच पडतो आणि उतारावरून पैनगंगेकडे धाव घेतो. इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा श्रावणात पाहा आणि वैशाखात पाहा, म्हणजे किती पाणी निघून जातं ते कळेल. उरलेलं मुरमात आणि काळ्या खडकाच्या भेगांत मुरतं. झाडांची मुळं त्याच भेगा धरून खोल उतरतात.

झाडातलं पाणी सर्वांत जास्त उडून जातं ते पानांवाटे. हिवाळा सरता सरता पानं गळाली की हा खर्च थांबतो. मुळं खालची ओल हळूहळू ओढत राहतात, खोड पुन्हा पाणी धरतं आणि कळ्या फुगतात. पळसाची कळी जवळून पाहिलीत तर तिच्यावर काळपट मखमली टोपण दिसेल; केशरी पाकळ्या त्यातून बाहेर येतात. पानांचा आडोसा नसल्याने पक्ष्यांना ही फुलं लांबूनच दिसतात. ते मधासाठी येतात आणि परागीभवन होतं.

मोहाची फुलं रात्री उमलतात, त्यांच्याकडे वटवाघळं येतात आणि पहाटे गोड, मांसल फुलांचा सडा पडतो. गोंड, कोलाम, आंध कुटुंबं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात ती त्यासाठीच. फुलं नीट दिसावीत म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तसं करू नये, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. त्या आगीत मोहाचीच कोवळी रोपं जळतात. पाचोळा झाडून काढला किंवा खाली जुनी साडी अंथरली, तरी वेचणी सोपी होते.

टंचाईत फुलण्याचं कारण बियांत आहे. मोहाचं बी, म्हणजे टोळंबी, पाऊस तोंडावर आला की पिकून पडते. ती फार दिवस टिकत नाही, तिला लगेच ओली माती लागते. पळसाच्या चपट्या शेंगाही उन्हाळ्याच्या अखेरीस वाऱ्यावर जातात. पावसाशी ही गाठ पडायची, तर फुलणं फाल्गुन-चैत्रातच उरकायला हवं.

सागाला ती घाई नाही. तो भर पावसाळ्यात फुलतो, बारीक पांढऱ्या फुलांचे मोठे तुरे शेंड्यावर काढतो आणि फळं हिवाळ्यात पिकवतो. त्याचं कवच इतकं टणक असतं, की पुष्कळदा एक पावसाळा तसंच पडून राहून बी दुसऱ्या पावसाळ्यात रुजतं.