आजचा शब्द : मार्दव




गीतेच्या १६व्या अध्यायातल्या दुसऱ्या श्लोकात दैवी गुण सांगताना 'दया' आणि 'मार्दव' हे दोन्ही शब्द येतात. दया आपल्या ओळखीची आहे. मार्दव मात्र आपण नुसतं म्हणून पुढे जातो. म्हणून आज तेवढा एकच शब्द घेऊ.

*अर्थ आणि मूळ*
'मृदु'वरून 'मार्दव', म्हणजे मऊपणा. आपला 'मऊ' हा शब्दही 'मृदु'चाच, प्राकृतातून आलेला. व्याकरणकार 'मृदु' ज्या धातूपासून साधतात त्याचा अर्थ आहे मर्दन करणे. त्याच अर्थाच्या 'मृद्' धातूचं प्राकृतात 'मल' होतं, असं आचार्य हेमचंद्रांनी आपल्या या गुजरातेतच, १२व्या शतकात लिहून ठेवलंय. तेच आपलं 'मळणं'.

म्हणजे मऊपणा आयता मिळत नाही. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात नीट मळलं नाही, तर भाकरी थापतानाच चिरते. मनाचंही तसंच.

*मग लोक फायदा घेणार नाहीत का?*
लिंबायत-उधन्याकडे लूमवर आणि मार्केटात काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या मनात हे येतं. नरम राहिलो तर पार्टी पैसे बुडवेल, कारागीर ऐकणार नाही.

आपली म्हण आठवूया : मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये. इथे बोल खणणाऱ्याला लावलाय, मातीला नाही. आपले दिगंबर जैन शेजारी दशलक्षण पर्वात दुसरा दिवस मार्दवाचा पाळतात. त्यांच्याकडे मार्दव म्हणजे मान, अर्थात गर्व सोडणं. तेव्हा सोडायचा तो अहंकार, हक्क नाही. उधारी मागायचीच, चूकही दाखवायची; समोरच्याचा अपमान तेवढा करायचा नाही.

*दयेशी नातं*
याच अध्यायात दया समजावताना ज्ञानेश्वर माउली काट्याचा दाखला देतात. काटा पायात रुततो आणि कळ जिवात उठते. तशी दुसऱ्याच्या दुःखाची कळ आपल्याला यावी. पण पायाला घट्टेच पडले असतील तर? काटा कळणारच नाही. म्हणून आधी मार्दव हवं, मग दया आपोआप येते.

*या आठवड्याचा अभ्यास*
कारागीर, हमाल, घरकामाच्या ताई, कुणावरही आवाज चढणार असं वाटलं की एक श्वास थांबू. मग जे सांगायचं ते सांगू. काय घडलं ते रविवारच्या सत्संगात एकमेकांना सांगू.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥